दहापैकी जिवंत

४ मार्च

चि. मुंगी हिस,

तू पाठवलेलं सामान पोचलं. पाण्यातल्या पिसवांची मोठी बरणी, काचेच्या दोन बाटल्या, डझनभर छोटे पेले, रुंद तोंडाचा ड्रॉपर आणि सूचनांचा कागद. तुमच्या पंपवाल्यानं सगळं मागच्या थंड खोलीत मांडलं आणि जाताना म्हणाला, "आजी, जीव आहेत, जपा." मी म्हटलं, आजी नाही मी, आणि जीव जपायची सवय आहे मला. मग मलाच वाईट वाटलं. तुझे काका जाऊन दोन वर्षं झाली तरी माझ्या तोंडून अशी वाक्यं निघतात आणि समोरच्याचा चेहरा पडतो.

काही विचारायचं असेल तर लिहीत जा, फोन करू नकोस. फोनवर मी नुसती हो हो म्हणते आणि ठेवल्यावर आठवतं काय विचारायचं होतं.

मला कळलंय ते लिहिते, चुकलं तर सांग. गल्लीच्या टोकाच्या बंद कारखान्यात लोखंडाचे सुटे भाग धुवायचं औषध वापरत, ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं आणि आपल्या विहिरींत उतरलं. आता तुमचं ऑफिस ते पाणी उपसून कोळशाच्या टाकीतून गाळतं. पंपघराला दोन नळ. एक नंबरला जमिनीतलं पाणी जसंच्या तसं, दोन नंबरला गाळलेलं. यंत्रं मोजतात, पण यंत्र जे शोधायला सांगितलं तेवढंच शोधतं. पिसवांना काही सांगावं लागत नाही, पाणी वाईट असलं की त्या मरतात. म्हणून दर मंगळवारी दोन्ही नळांचं पाणी आणायचं, खोलीच्या उबेला येईपर्यंत दुपारपर्यंत ठेवायचं, मग पेल्यांत ओतून प्रत्येकात दहा पिल्लं सोडायची. तिसऱ्या पेल्यात ऑफिसच्या कॅनमधलं चांगलं पाणी, तुलनेसाठी. गुरुवारी मोजायचं, दहापैकी जिवंत किती. दोन नंबरच्या पाण्यात सलग चार आठवडे नऊ किंवा जास्त जगल्या तर गल्ली राहणार. जूनअखेरपर्यंत नाही जमलं तर अकराही घरं रिकामी करून पाडायची. बरोबर?

पिसवा म्हटल्यावर मला कुत्र्याच्या आठवल्या आणि दिवसभर अंग खाजत होतं. मग तुझ्या काकांचं घड्याळ दुरुस्तीचं भिंग काढलं, ते डोळ्यात अडकवायचं. सवय नाही, दोनदा पडलं. तिसऱ्यांदा एक पिसू दिसली. अंग काचेसारखं आरपार, आणि पाठीशी तिचं काळीज. इतक्या घाईनं चाललेलं की आपलंच धडधडायला लागतं. वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलंय की यांच्यात बहुतेक सगळ्या बाया. नवऱ्याशिवाय संसार करतात, पिल्लं घालतात. फार संकट आलं तरच नर जन्माला घालतात. शेजारच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नर आले की मग संकट येतं."

काकूचे आशीर्वाद

---

९ मार्च

प्रिय काकू,

सगळं बरोबर, माझ्या साहेबांपेक्षा नीट लिहिलंस. एवढंच लक्षात ठेव: पेले साबणानं धुवायचे नाहीत, पेल्यावर ऊन नको, आणि दोन्ही नळांचं पाणी एका बाटलीतून आणायचं नाही. हलत नसलेली पिसू दिसली तर पेला हलकेच हलवायचा आणि पंधरा सेकंद थांबायचं. तेवढ्यात पोहली तर जिवंत, नाही तर मेलेली धरायची.

या कामाला गल्लीतलं माणूस नको असं साहेबांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, माझी काकू एकदा हातात घेतलेलं काम सोडत नाही. तेव्हा माझं नाक वर राहू दे.

तुझी मुंगी

---

२१ मार्च

चि. मुंगी,

दोन आठवड्यांचे आकडे तक्त्यात भरलेत. दोन नंबरचा नळ: पहिल्यांदा दहा, काल नऊ. एक नंबर: सात आणि सात. कॅनचं पाणी: दहा, दहा. तुझं नाक वर आहे.

गुरुवारी सकाळी शिंपीणबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "किती?" जशी काही मॅच चालू आहे. बेकरीवाला सायकल थांबवतो. ज्या माणसांनी दोन वर्षं माझ्याकडे बघताना मान खाली घातली ती आता माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीतून वाकून बघतात. बरं वाटतं. थोडं विचित्रही वाटतं.

बाटल्या जड आहेत गं. पंपघराच्या पायऱ्या नेहमी ओल्या, जपून उतरावं लागतं.

काकू

---

२८ मार्च

चि. मुंगी,

दोन नंबर: दहापैकी शून्य. एक नंबर: सात. कॅन: दहा.

तीनदा मोजलं. पेला हलवला, पंधरा सेकंद थांबले, मग मिनिटभर थांबले, मग शिंपीणबाई म्हणाल्या, "आता त्यांना उठवायला बँड लावतेस का." सगळ्या तळाशी पांढऱ्या पडल्या होत्या. भिंगातून एकीचंही काळीज चालत नव्हतं.

माझं काही चुकलं का?

काकू

---

२ एप्रिल

प्रिय काकू,

तुझं काही चुकलेलं नाही. चोवीस तारखेला टाकीतला कोळसा बदलला, तुला पंपवाला बोलला नसेल. नव्या कोळशातून सुरुवातीला काहीबाही सुटतं. आम्ही टाकी धुऊन घेतोय. पुढच्या आठवड्यात सरळ होईल.

घाईत आहे. नीट जेवतेस ना?

मुंगी

---

१८ एप्रिल

चि. मुंगी,

सरळ झालेलं नाही. तीन आठवड्यांचे आकडे: शून्य, एक, शून्य. ती एक जिवंत होती तीही गोल गोल फिरत होती, दिशा हरवल्यासारखी. एक नंबरच्या पाण्यात मात्र सात-आठ मजेत आहेत, कॅनच्या पाण्यात दहाच्या दहा.

आता माझं डोकं चालत नाही. घाण पाण्यात जगतात आणि गाळलेल्यात मरतात, हे कसं? मी पुस्तक पुन्हा काढलं, पुढची तीन प्रकरणं वाचली. त्यात काय काय गोष्टींनी पिसवा मरतात त्याची दोन पानं आहेत. आपल्या कारखान्याचं औषध त्यात आहे, पण खूप असलं तर. मग मी विचार करत बसले. ज्या पाण्यात या एवढ्याशा पिसवा आज जगतायत, तेच पाणी तुझे काका जन्मभर प्यायले. त्यांच्या मूत्रपिंडाचं झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते कशानंही होऊ शकतं. मी तेव्हापासून विहिरीला धरून बसलेय. विहिरीनं नेलं म्हणते, आणि निदान कुणाचं तरी नाव घेता येतं. आता या पिसवा मला सांगतायत की विहीर तशी बरी आहे आणि वाईट ते तुमचं गाळलेलं पाणी. मग ह्यांना कशानं नेलं?

हे तू पिसवांच्या तक्त्यात लिहू नकोस. तुलाच विचारलं.

मी माझ्याकडून काही कमी करत नाहीये. मंगळवारी अंघोळ करून जाते, पाणी स्वच्छ घासलेल्या भांड्यातच आणते, जसं तू सूचनांच्या कागदावर लिहिलंस. आणखी काय करू?

काकू

---

२५ एप्रिल

प्रिय काकू,

यंत्रं म्हणतात दोन नंबरचं पाणी स्वच्छ आहे. पंपवाला दर महिन्याला नळाखालीच काचेच्या शिशीत भरून आणतो, त्यात कारखान्याचं औषध जवळजवळ सापडतच नाही. तरी आम्ही कोळसा पुन्हा बदलला आणि तिसऱ्याच दुकानातून आणला. मीही गोंधळले आहे. इथे दोन तट पडलेत, एक म्हणतो यंत्रं खरी, एक म्हणतो पिसवा. मी पिसवांच्या बाजूला आहे, म्हणजे तुझ्या.

काकांचं विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. टाळत नाहीये. खरंच नाही.

मुंगी

---

९ मे

चि. मुंगी,

मागच्या आठवड्यात लिहिलं नाही कारण ताप होता. मंगळवारी उठवेना, तेव्हा शिंपीणबाई दोन्ही नळांचं पाणी घेऊन आल्या. पिल्लंही त्यांनीच सोडली, मी खाटेवरून सांगत होते आणि त्या म्हणत होत्या, "सुईत दोरा ओवणारीला पिसू उचलायला शिकवू नकोस." गुरुवारी मोजलं. दोन नंबर: दहा.

गल्लीनं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. या आठवड्यात मला बरं वाटलं, स्वतः गेले, नेहमीपेक्षा जास्त जपून सगळं केलं. काल मोजलं. दोन नंबर: शून्य.

शिंपीणबाई हसत म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण नाही बाई." हसत म्हणाल्या, पण लगेच घरी गेल्या. बेकरीवाला सायकल न थांबवता गेला.

मला काही म्हणजे काही कळत नाही. तुला कळतं का?

काकू

---

१२ मे

प्रिय काकू,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

साहेबांनी तुझा तक्ता बघितला. ते म्हणाले, पाणी तुझ्या हातून आलं की पिसवा मरतात, दुसऱ्याच्या हातून आलं की जगतात. मग म्हणाले, जिचा नवरा या पाण्यानं गेला असं तिला वाटतं, तिला हे पाणी वाईट ठरायला हवं असेल, यात नवल नाही. पाण्यात मीठ टाकलं तरी पिसवा मरतात. मी म्हटलं, माझी काकू असं करणार नाही. ते म्हणाले, काकू म्हणून म्हणतेस की तपासून म्हणतेस?

म्हणून विचारते. रागावू नकोस. दोन नंबरच्या पाण्यात तू काही घालतेस का?

चौकशी होईपर्यंत चाचणी थांबवली आहे. बरणीतल्या पिसवांना तेवढं खायला घालत राहा.

मुंगी

---

१५ मे

प्रयोगशाळेतल्या बाईंस,

आपलं पत्र मिळालं. विचारलंत ते बरं केलंत. उत्तर: नाही.

पिसवांना रोज शेवाळाचं हिरवं पाणी खायला घालते आहे.

राखणदार

---

२५ मे

चि. मुंगी,

मागचं पत्र टाकून आले आणि पेटीत हात घालून परत काढता येतं का बघत होते. पोस्टमन म्हणाला, "बाई, हात अडकेल." म्हणजे सांगायचं हे की रागावले होते, आता नाही. आता घाबरलेय. हे नीट वाच.

तुझ्या साहेबांचं एक बरोबर आहे, म्हणून मला झोंबलं. मला ते पाणी वाईट ठरायला हवंच होतं. पहिल्या आठवड्यात दहा जगल्या तेव्हा शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि मी आत येऊन बसले आणि मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक आहे म्हणणार आणि तुझे काका गेल्याचं कुणाच्या लेखी राहणार नाही. असं वाटलं. पण वाटणं वेगळं आणि पेल्यात मीठ टाकणं वेगळं. माझं घर आहे हे. त्या कोपऱ्यात ते घड्याळं उघडून बसायचे, तिथल्या फरशीच्या फटीत अजून बारीक स्क्रू सापडतात. ते पाडायला मी मदत करीन का?

मग मी ठरवलं की रडण्यापेक्षा हिशेब लावावा, मी काय करते जे शिंपीणबाई करत नाहीत. त्यांना बोलावलं आणि म्हटलं, त्या मंगळवारी तुम्ही काय काय केलंत ते पहिल्यापासून सांगा. त्या म्हणाल्या, "गेले, भरलं, आले." मी म्हटलं, कशात भरलं? म्हणाल्या, "एक तुझ्या बाटलीत. दुसरी बाटली कुठे सापडेना, म्हणून माझ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये."

मुंगी, दुसरी बाटली नाहीये. पंचवीस मार्चला पंपघराच्या पायरीवर फुटली. मी तुला कळवलं नाही. तू साहेबांशी भांडून मला हे काम दिलंस आणि तिसऱ्याच आठवड्यात मी बाटली फोडली, हे लिहायला हात होईना. आणि एका बाटलीत दोन्ही पाणी आणायचं नाही असं तू लिहिलं होतंस. तेव्हा मी दोन नंबरसाठी आपली तांब्याची कळशी घेतली. मला वाटलं, गाळलेल्या, स्वच्छ पाण्याला त्याहून चांगलं भांडं घरात नाही. दर मंगळवारी लिंबाची फोड आणि मीठ लावून घासायची, सोन्यासारखी दिसेपर्यंत. मग पाणी दुपारपर्यंत तिच्यातच ठेवायची.

संशय आल्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. नळाचं नाव काढलं नाही, तुमच्या कॅनमधलंच पाणी घेतलं, ज्यात दहाच्या दहा जगतात. अर्धं काचेच्या पेल्यात ठेवलं, अर्धं घासलेल्या कळशीत. दुपारी दोन्हींत दहा-दहा सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच कळशीच्या पाण्यातल्या सगळ्या तळाशी होत्या. काचेतल्या नाचत होत्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वीस पिल्लं मारली मी हे कळायला, त्याचंही वाईट वाटतं.

तेव्हा कोळसा चांगला होता, नळ चांगला होता, यंत्रंही खरी होती. विष माझ्या कळशीत होतं.

आता माझा प्रश्न. ती कळशी आमच्या लग्नातली. एकतीस वर्षं मी ती रोज सकाळी घासली, भरली, आणि तुझे काका उठल्यावर पहिला पेला त्यातून प्यायचे. म्हणायचे, हिच्यातलं पाणी गोड लागतं. मी चहाबाज, मला ते पाणी कधी आवडलं नाही. ते गेले, मी आहे.

मला सरळ सांग. पुस्तकात माणसाचं काही दिलेलं नाही, पिसवांचंच आहे. तीन दिवस मी ती कळशी न्हाणीत पालथी घालून ठेवली आहे आणि तिच्याकडे बघत नाही.

काकू

---

३० मे

प्रिय काकू,

पहिल्यांदा हे: कळशीनं काकांना काही झालेलं नाही.

तांब्याचा जेवढा अंश पाण्यात उतरला की पिसू मरते, त्याच्या कितीतरी पट माणूस रोज जेवणातून खातो आणि त्याला तो लागतोही. पिसू एवढीशी, तिचं सगळं अंग पाण्यात उघडं. लिंबू-मिठानं घासलं की तांबं ताजं उघडं पडतं आणि जास्त उतरतं. तुझ्या कळशीच्या पाण्याचा आकडा मी काल इथे काढून घेतला, पंपवाल्याकडे तू दिलेल्या शिशीतून. पिसवांसाठी तो फार आहे. माणसानं प्यायला चालतं त्या मर्यादेच्या खूप खाली आहे. मी दोन डॉक्टरांना विचारलं. एकानं विचारलं, हे कुणासाठी? मी सांगितलं. तो म्हणाला, त्यांना सांगा, निर्धास्त राहा.

मग विहिरीनं का? जुने कागद मी बघितलेत. दहा वर्षांपूर्वी विहिरीत ते औषध आजच्या शंभर पट होतं. आज पिसवा जगतात कारण आज ते थोडं उरलंय, आणि पिसू दोनच दिवस त्यात असते. काका वर्षानुवर्षं पीत होते. त्यानं मूत्रपिंडाचा आजार होऊ शकतो. त्यांना त्यानंच झाला का, हे कुणीच सांगू शकणार नाही. मी यापेक्षा चांगलं उत्तर शोधत होते. नाही सापडलं.

आता माझं. यंत्रांनी तांबं पकडलं नाही कारण आम्ही त्यांना कारखान्याचं औषध शोधायला सांगितलं होतं, आणि शिवाय पंपवाल्याची शिशी कळशीला शिवलीच नव्हती. पिसवांनी पकडलं आणि आम्ही दोन महिने कोळसा बदलत बसलो. सूचनांच्या कागदावर मीच लिहिलं होतं, पाणी स्वच्छ भांड्यात आणावं. काचेच्या, असं लिहिलं नाही. मला वाटलं बाटल्या दिल्यात म्हणजे झालं. आणि दुसरं. बारा तारखेच्या अहवालात मी एक ओळ लिहिली होती, पाणी आणणाऱ्या व्यक्तीवर विसंबता येत नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिली, पण हात माझा होता. काल मी ती खोडली आणि बाजूला सही केली.

बाटली फुटल्याचं तुला लेखी द्यावं लागेल. ते आठवडे सगळे रद्द होतील. जूनमध्ये बरोबर चार गुरुवार उरतात, एकही चुकवता येणार नाही. पाणी दुसऱ्या कुणी आणावं असं साहेब म्हणत होते. मी म्हटलं, कळशी जिनं शोधली तिनंच आणावं. पंपवाला नव्या बाटल्या घेऊन निघालाय. चार दिल्यात. तीन फोड.

तुझी मुंगी

---

२६ जून

चि. मुंगी,

आधीचे तीन आठवडे तुला ठाऊक आहेत: दहा, नऊ, दहा. आजचं लिहिते.

सकाळी आठला मोजायला बसले. शिंपीणबाई आत येऊन उभ्या राहिल्या, बाहेर कुंपणाला सगळी गल्ली. आठ पोहत होत्या. एक सरळ मेलेली, पांढरी. आणि एक तळाशी आडवी. पेला हलवला. पंधरा सेकंद मोजायला मी तुझ्या काकांचं घड्याळ समोर ठेवते. पंधरा झाले, ती उठली नाही. मी भिंग लावलं. तिचं काळीज चालत होतं, मुंगी. नीट चालत होतं.

शिंपीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "जिवंत आहे की. लिही नऊ." मी म्हटलं, नियमात पोहली तर जिवंत असं आहे, काळजाचं काही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "अकरा घरं आहेत." मी म्हटलं, मला माहीत आहे, त्यातलं एक माझं आहे. त्या म्हणाल्या, "मग?"

बराच वेळ पेन हातात धरून बसले. नऊ लिहिलं असतं तर तुला कळलं नसतं, साहेबांना कळलं नसतं. पण मार्चमध्ये मी एक बाटली लिहायची राहू दिली होती, आणि त्यातून काय काय झालं ते तू बघितलंस.

तक्त्यात आठ लिहिलंय. शेरा म्हणून खाली लिहिलंय, एकीचं काळीज चालू होतं. शेऱ्याला किंमत नसते हे मला माहीत आहे.

शिंपीणबाई गेल्या. जाताना त्यांनी दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्या आडव्या पडलेलीला मी ड्रॉपरनं उचलून वेगळ्या पेल्यात ठेवली आहे. फेकवेना.

काकू

---

२८ जून

प्रिय काकू,

तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. आठपेक्षा खाली नसेल तर एकदा फेरतपासणी देता येते, पण ती त्यांच्या मर्जीवर. त्यांनी आठचा आकडा बघितला, खालचा शेरा वाचला, मग मार्चपासूनचे सगळे तक्ते मागवले. बराच वेळ उलटत होते. मग म्हणाले, "हिचं घर त्याच गल्लीत आहे ना?" मी म्हटलं, दुसरं दार. ते म्हणाले, "फेरतपासणी द्या. पाणी त्याच आणतील." आणि थोड्या वेळानं, चष्मा पुसत, "मे महिन्यात मी जे बोललो ते त्यांना कळवलं होतंस का?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग हेही कळव."

म्हणून कळवते.

मंगळवारी एक तारीख. जपून उतर.

मुंगी

---

३ जुलै

चि. मुंगी,

दोन नंबर: दहापैकी दहा.

मोजून झाल्यावर मी दारात गेले आणि दहाही बोटं दाखवली. शिंपीणबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "हाताला गुण आला गं." मग बराच वेळ त्यांनी ते सोडलेच नाहीत. बेकरीवाल्यानं सायकल भिंतीला लावली आणि भिंतीकडेच तोंड करून उभा राहिला.

त्या आडव्या पडलेलीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यात बघितलं तर तळाशी तिच्याच आकाराचं एक आरपार टरफल पडलं होतं आणि ती वर पोहत होती. कात टाकत होती. पुस्तकात आहे, मी वाचलंही होतं, पण त्या सकाळी आठवलं नाही. आठवलं असतं तरी आठच लिहावं लागलं असतं, नाही का? मला अजून नक्की ठरवता येत नाही. तू साहेबांना विचारून बघ, त्यांना काय वाटतं.

तुझ्या काकांचंही ठरवता येत नाही. तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. होऊ शकतं, सांगता येणार नाही. पूर्वी वाटायचं, कुणी तरी एकदा नक्की काय ते सांगितलं की मी निवांत होईन. आजचं पाणी कसं आहे ते पिसवांनी सांगितलं. तेव्हाच्या पाण्यात कुणी पिसवा सोडल्या नव्हत्या. तेवढंच.

कळशी न्हाणीतून उचलून आणली. महिनाभर घासली नाही, काळवंडलीय. रोज सकाळी हात लिंबाकडे जायचा आणि मी मागे घ्यायचे. आज घासली. मग दोन नंबरच्या नळाचं पाणी तिच्यात भरलं, दुपारपर्यंत ठेवलं आणि एक पेला प्यायले. ते म्हणायचे तसं गोड लागतं का, ते दोन पेले पिऊनही कळलं नाही. उद्या पुन्हा पिऊन बघते.

पिसवांना नाही दिलं.

तुझी काकू